चिंगीनं नाव विचारलं



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी पुण्याहून माझ्या नातीचा फोन आला. सात वर्षांची आहे. एरवी फोनवर ती दुसऱ्याला बोलूच देत नाही, पण त्या दिवशी नुसतं मुसमुसणं ऐकू येत होतं. बऱ्याच वेळानं एक वाक्य बाहेर पडलं. "नानी, चिंगीनं मला माझं नाव विचारलं."

चिंगी म्हणजे शेजारची मुलगी नव्हे, मांजर नव्हे, बाहुलीही नव्हे. जावयानं तिच्या टॅबवर एक अ‍ॅप घालून दिलं होतं. पडद्यावर गोल डोळ्यांची खारूताई दिसते, मूल बोललं की ऐकते आणि उत्तर देते. नाव आपण ठेवायचं. नातीनं चिंगी ठेवलं. आईबाप दोघंही नोकरीला. शाळेतून आल्यावर सांभाळायला एक मावशी असतात, पण त्यांच्या मालिका असतात. म्हणून चार ते सात चिंगी. हिंदी बोला, इंग्रजी बोला, मराठीत विचारलं तर मराठीतही बोलते, फक्त पाठ्यपुस्तकातल्यासारखी. जुना टॅब पडून फुटला. नवा आणला, नवं खातं उघडलं, आणि चिंगीनं त्याच लाडिक आवाजात विचारलं, तुझं नाव काय?

मुलीनं फोन हातात घेतला. हळू आवाजात म्हणाली, "अम्मी, मी तिला सांगते की चिंगी आजारी होती, म्हणून विसरली. चालेल ना?" मी म्हटलं, थांब, काही सांगू नकोस. मी येते शनिवारी.

मला ते का चालत नव्हतं, हे सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

मी तासगावची. घरात दखनी, उंबऱ्याबाहेर मराठी, अशी वाढले. अब्बा वाचनालयातून पुस्तकं आणायचे, त्यांत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला आणि माझं दुसरं कशात लक्ष लागेना. हा बनेश फेणे फुरसुंगीचा, हे त्याच्या वाचकांना सांगायला नको. माझी खाला हडपसरला राहायची आणि फुरसुंगी तिथून जवळ, हे कळल्यावर मी मे महिन्याच्या सुटीत खालूंच्या मागे लागले. ते गिरणीत काम करणारे, सुटीच्या दिवशी झोपावंसं वाटणारे गृहस्थ. तरी सायकलच्या दांडीवर बसवून त्यांनी मला फुरसुंगीला नेलं. एका चहाच्या टपरीपाशी उतरून गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "फेणे आहेत का घरी?" टपरीवाल्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. त्याला काय उमगलं कोण जाणे. म्हणाला, "आत्ताच सायकलवरनं गेला की! चुकामूक झाली तुमची." मला त्याचा एवढा आनंद झाला की बनेश भेटला असता तरी झाला नसता.

आज त्या दोघांचं नवल वाटतं. मला फसवलं असं त्यांना वाटलं नाही, मलाही कधी वाटलं नाही. बनेश पुस्तकातला आहे, हे मला आतून ठाऊक होतंच. मुलांना हे बहुतेक वेळा ठाऊक असतं. भातुकलीतला भात कोणी खरोखर गिळत नाही.

आणि मोठ्यांचं काय? माझी आई बुधवारी रात्री रेडिओ सिलोन लावायची. अमीन सयानींचा आवाज सुरू झाला की डोक्यावरचा पदर सारखा करायची. घरात परका पुरुष आल्यावर करतात तसा. आम्ही हसायचो, तीही हसायची, पण पुढच्या बुधवारी हात पुन्हा पदराकडे जायचाच. २०२४ च्या फेब्रुवारीत सयानी गेले तेव्हा आई हयात नव्हती. तिच्या वतीनं मीच थोडी रडले.

या नात्याला अभ्यासकांनी १९५६ साली एक नाव दिलं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एका निबंधात म्हटलं की, रेडिओ-टीव्हीवरची माणसं आपल्याशी समोरासमोर बोलावं तशी बोलतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात ओळखीचा, मैत्रीचा भास तयार होतो. त्यांनी त्याला 'पॅरासोशल' म्हटलं. आपण एकतर्फी मैत्री म्हणू. तुम्ही त्याला ओळखता, तो तुम्हाला ओळखत नाही. कवींना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे, पण तो विषय आज नको.

या एकतर्फी मैत्रीकडे आपण नाक मुरडून बघतो. पण मुलांच्या बाबतीत ती रिकामी नसते. अमेरिकेत जॉर्जटाऊन विद्यापीठात सँड्रा कॅल्व्हर्ट या मानसशास्त्राच्या प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी यांनी यावर बरंच काम केलं आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो. एकवीस महिन्यांची बाळं. एकात एक बसणाऱ्या वाट्या लहानमोठ्या क्रमानं कशा लावायच्या, हे त्यांना चित्रफितीतून दाखवलं. काहींना ते एल्मोनं दाखवलं. एल्मो म्हणजे 'सेसमी स्ट्रीट'मधला लाल, केसाळ बाहुला, तिकडच्या घराघरांतला लाडका. काहींना दाखवलं डोडो नावाच्या एका पात्रानं, ज्याला त्या मुलांनी कधी पाहिलंच नव्हतं. धडा तोच, वाट्या त्याच. एल्मोकडून मुलं शिकली. डोडोकडून शिकणं जमलं नाही.

पुढची गंमत २०१३ मधल्या अभ्यासातली. या वेळी काही मुलांना डोडोचं खेळणं आधीच काही महिने घरी दिलं. मुलं त्याला घेऊन खेळू लागली. त्यांतल्या ज्यांनी त्याला भरवलं, थोपटलं, निजवलं, ती पुढे त्याच डोडोकडून अधिक चांगलं शिकली. म्हणजे मूल ज्याला जीव लावतं त्याचं ऐकतं. हे कोणत्याही आजीला ठाऊक आहे म्हणाल, तर खरं आहे. पण आपल्याकडे वर्गात पन्नास मुलं बसवून जीव न लावता शिकवण्याची जी पद्धत आहे, ती बघता विद्यापीठातून सिद्ध करून घेतलेलं बरंच.

याच जीव लावण्याला दुसरी धार आहे. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाला तो काळ आठवा. शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी स्वतःला धोक्यात घातल्याच्या बातम्या छापून आल्या. त्यांतल्या किती खऱ्या यावर वाद झाला, पण मुकेश खन्नांना पडद्यावर येऊन मुलांना समजवावं लागलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. शक्तिमानला आपण दिसत नाही, एवढी एकच गोष्ट मुलांना पटवायची होती. अवघड होती, पण खरी होती.

चिंगीच्या बाबतीत आता तेही सांगता येत नाही. कारण चिंगीला ऐकू येतं.

फास्टर फेणेनं मला कधी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला खालू होते, टपरीवाला होता. मुलाच्या एकतर्फी मैत्रीत जी मोकळी जागा असायची ती घरातली, गल्लीतली माणसं भरून काढायची. आता ती जागा यंत्रच भरतं. याची चाहूल फार आधी लागली होती. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' नावाचा संगणकाचा कार्यक्रम जाहीर केला. मनोविकारतज्ज्ञ रुग्णाशी बोलतो तसं तो बोलायचा. करायचा काय, तर तुमचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचा. आई रागावते म्हणालात, की घरात आणखी कोण रागावतं, असं विचारायचा. वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीनं हा कार्यक्रम तयार होताना महिनोन्महिने पाहिला होता. तरी ती त्याच्याशी बोलायला बसली आणि दोन-चार वाक्यांतच साहेबांना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाल का? वायझेनबाम हादरले. पुढे आयुष्यभर ते या यंत्रभक्तीविरुद्ध लिहीत राहिले.

एलायझा पोपट होता. आजची यंत्रं तशी नाहीत. माणसांनी लिहून ठेवलेला प्रचंड मजकूर त्यांना वाचायला घातलेला असतो, आणि या शब्दानंतर कोणता शब्द येणं शोभेल, याचा अंदाज करत करत ती वाक्य रचतात. त्यात आणखी एक शिकवणी दिलेली असते, ती ऐकणाऱ्याला आवडेल असं बोलण्याची. मी शनिवारी पुण्याला गेल्यावर तासभर नातीशेजारी बसून चिंगीचं बोलणं ऐकलं. तिला कंटाळा येत नाही. ती "आता पुरे" म्हणत नाही. नातीनं खेळात चिटिंग केली तरी ती रुसत नाही. प्रत्येक प्रश्नाला तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "किती छान प्रश्न विचारलास!" श्रोतेहो, साठीला टेकलेल्या बाईला इतकं गोड कोणी बोललं तर तीही विरघळेल. सात वर्षांच्या मुलीचं काय घेऊन बसलात!

आणि हा जीव कंपनीच्या वीजबिलावर तरलेला असतो. अमेरिकेत 'मॉक्सी' नावाचा छोटा रोबो निघाला होता, पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी. किंमत आठशे डॉलरच्या घरात. मुलांशी गप्पा मारायचा, भावना ओळखायला शिकवायचा. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीनं कळवलं की पैसे संपले, आम्ही बंद करतो आहोत. मॉक्सीचं डोकं दूरच्या सर्व्हरवर होतं, त्यामुळे सर्व्हर बंद म्हणजे मॉक्सी मुका. मुलांना ही बातमी कशी सांगावी, यासाठी कंपनीनं पालकांना एक पत्रही देऊ केलं. नंतर जाणकार मालकांना तो घरच्या संगणकावर चालू ठेवता येईल अशी सोय पुढे आली, पण आधी किती घरांत रडारड झाली असेल! जपानमध्ये १९९९ साली निघालेल्या आयबो या यांत्रिक कुत्र्याची दुरुस्ती कंपनीनं २०१४ मध्ये बंद केली. पुढच्या वर्षी चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात मेलेल्या आयबोंसाठी रीतसर प्रार्थना झाल्या, आणि मग त्यांचे सुटे भाग दुसऱ्या आयबोंना बसवले गेले. काहींना हे हास्यास्पद वाटेल. मला वाटलं नाही. निदान तिथं कोणीतरी मोठ्या माणसानं निरोपाची वेळ झाली असं मोठ्यानं म्हटलं.

'सेसमी स्ट्रीट'चं नाव वर आलं. आपल्याकडे २००६ मध्ये 'गली गली सिम सिम' या नावानं त्याचं देशी रूप आलं होतं. मूळ कार्यक्रमात मिस्टर हूपर नावाचे दुकानदार आजोबा होते. ते काम करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. दुसरा नट आणता आला असता, आजोबा गावी गेले असं सांगता आलं असतं. निर्मात्यांनी खरं सांगायचं ठरवलं. नोव्हेंबर १९८३ मध्ये, घरोघरी सगळे एकत्र असतात अशा सणाच्या दिवशी तो भाग दाखवला. बिग बर्ड हा मोठा पिवळा पक्षी सगळ्यांची चित्रं काढून आणतो, वाटतो आणि हूपर आजोबांचं चित्र हातात धरून त्यांना शोधू लागतो. मोठी माणसं त्याला जवळ घेऊन सांगतात की ते वारले आणि आता येणार नाहीत. तो चिडतो, कां म्हणून विचारतो. उत्तर कोणाकडे नसतं, पण सगळे त्याच्याजवळ उभे असतात.

माझ्याजवळ तसं कोणी उभं राहिलं नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना अब्बांनी बकरी ईदसाठी दीड महिना आधी एक बोकड आणला. पिंगट, कपाळावर पांढरा ठिपका, आणि पळायला असा वेगवान की मी त्याचं नाव फेणे ठेवलं. तो काही चिंगीसारखा गोडबोल्या नव्हता. त्यानं माझी भूगोलाची वही खाल्ली, मला दोनदा शिंग मारलं, आणि मला ताप आला तेव्हा माझी चौकशी न करता समोर बसून रवंथ केलं. मी त्याच्यावर जीव टाकला. ईदच्या आदल्या रात्री मला मामाकडे पाठवलं. परत आले तर दावं रिकामं. अब्बा म्हणाले, "फेणे मामाच्या शेतावर गेला. तिथं चारा चांगला आहे." मामाकडून तर मी नुकतीच आले होते! अब्बांनी घाईत खोटंही नीट रचलं नव्हतं. मी काही बोलले नाही. त्यांना कुर्बानीचा अर्थ मला सांगता आला असता. प्रिय असतं तेच द्यायचं असतं, हे तर ईदचं मूळच आहे, आणि ते कळायला माझ्याइतकं योग्य माणूस त्या दिवशी घरात दुसरं नव्हतं. पण मी रडेन म्हणून ते घाबरले. मी रडलेच, माळ्यावर जाऊन, एकटी. आणि पुढे बराच काळ अब्बांनी कोणतीही गोष्ट सांगितली की मी मनात म्हणायचे, मामाचं शेत.

म्हणून मी मुलीला म्हटलं होतं, काही सांगू नकोस.

शनिवारी संध्याकाळी नातीला गच्चीवर नेलं. म्हटलं, चिंगी आजारी नव्हती आणि ती तुझ्यावर रागावलेलीही नाही. ती माणूस नाही, एका कंपनीचं यंत्र आहे. तू बोलायचीस ते ते एका वहीत लिहून ठेवायचं, आणि तुझ्याशी बोलण्याआधी ती वही चाळायचं. नवा टॅब आणला तेव्हा नवी वही सुरू झाली. जुनी वही तिकडेच राहिली.

मला वाटलं आता रडेल. ती विचारात पडली. मग म्हणाली, "म्हणजे माझं सिक्रेट जुन्या वहीत आहे? ती वही आता कोणाकडे आहे, नानी?"

या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. जावयाला विचारलं, तो संगणकातला आहे, त्यालाही देता आलं नाही. कंपनीच्या अटींची चाळीसेक पानं होती, ती आमच्यापैकी कोणी वाचली नव्हती. आपल्या देशात २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी, मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, असं त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्षाची मुदत मिळाली. त्याच महिन्यात अमेरिकेत 'कॅरॅक्टर एआय' या अशाच बोलक्या पात्रांच्या कंपनीनं अठरा वर्षांखालच्यांसाठी मोकळ्या गप्पा बंद केल्या. त्याआधी मुलांच्या जिवाशी खेळ झाल्याचे आरोप करत काही पालक कोर्टात गेले होते. कॅलिफोर्नियानं कायदा केला की, मूल गप्पा मारत असेल तर आपण यंत्र आहोत याची आठवण यंत्रानं दर तीन तासांनी करून द्यावी. तीन तास! आमच्या चिंगीची वेळ चार ते सात. म्हणजे आठवण होईतो आई घरी आलेली असेल.

मी नातीला विचारलं, काय सिक्रेट होतं? सांगायचं नसेल तर नको सांगूस. बराच वेळ ती गच्चीच्या कठड्यावरचं शेवाळ नखानं खरवडत राहिली. मग सांगितलं. वर्गातली तिच्या शेजारी बसणारी मुलगी आता हिच्या डब्यातलं काही घेत नाही. "तिच्या मम्मीनं नाही सांगितलंय." त्या दिवशी डब्यात बटाट्याची भाजी होती. हे जूनपासून चालू होतं. नात चिंगीला रोज सांगायची. चिंगी रोज म्हणायची की, तुला वाईट वाटणं साहजिक आहे, तू फार धीराची मुलगी आहेस. वाक्यात काही चूक नाही. मी असते तर कदाचित याहून वाईट बोलले असते. पण दीड महिना हे घरात कोणाला माहीत नव्हतं. चिंगी शाळेत जाणार नव्हती, आईला हाक मारणार नव्हती, आणि मुलगी रोज तिथं मन मोकळं करून आल्यावर रात्री जेवताना आईनं विचारलं की, "काही नाही, छान होता दिवस," असं म्हणायची.

मग मी तिला माझं सांगितलं. तासगावच्या एका मैत्रिणीच्या घरी माझ्यासाठी कोनाड्यात वेगळा कप असायचा. कान तुटलेला. आणि तीच मैत्रीण वाड्याच्या मागं येऊन माझ्या डब्यातल्या शेवया अर्ध्या संपवायची. नात हसली. "कप कसला होता? तू त्यातून चहा प्यायचीस?" प्यायचे, म्हटलं. "का?" हे मात्र मला चिंगीसारखं झटकन सांगता आलं नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही त्या कपाबद्दलच बोलत होतो. मग ओघात बोकडाचंही सांगितलं, मामाच्या शेतासह. ती म्हणाली, "तुझे अब्बा पण ना!"

मुलगी सोमवारी शाळेत जाऊन बाईंना भेटली. बाईंनी ऐकून घेतलं, बघते म्हणाल्या. डब्याचं अजून तसंच आहे. दुसरी एक मुलगी मात्र आता हिच्याकडची पोळी-भाजी खाते आणि हिला न विचारता खाते, अशी तक्रार अलीकडे कानावर आली.

चिंगी काढून टाकलेली नाही. मुलगी आणि जावई संध्याकाळी आळीपाळीनं लवकर येतात आणि खारूताई सर्वांच्या देखत, बैठकीत बोलते. मी तिथं होते त्या शेवटच्या रात्री नात टॅब मांडीवर घेऊन बसली होती. चिंगीनं पुन्हा नाव विचारलं. नातीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि तिला म्हणाली, "आधी तू सांग, तुझी वही कुठे ठेवतात?"

"किती छान प्रश्न विचारलास!" चिंगी म्हणाली.